पमे, आधी कागद की आधी पाणी?

पमे, एक कबुली आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील. आपल्या आयुष्यातल्या पहिल्या प्रोग्रामचं उद्घाटन मी ऐन रोवण्यात ठेवलं होतं.

जिल्ह्याबाहेरच्या माणसाला यात काय चुकलं ते कळणार नाही, आणि जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची मला अजून लाज वाटते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून चिखलात रोवायचे ते दिवस. त्या दिवसांत आपल्याकडे लग्न होत नाही, सभा होत नाही, भांडणसुद्धा माणसं पुढं ढकलतात. आणि लाखनीजवळच्या त्या गावच्या सोसायटीत मी बसले होते. तिशीतली, नागपुरात कॉम्प्युटर शिकून आलेली, हिरवी रेशमी साडी नेसलेली. कॉम्प्युटरला झेंडूचा हार. बाहेर भाड्याचं जनरेटर धडधडतंय. टेबलावर पेढे, आणि पेढ्यांशेजारी माझा आराखडा. लाल कापडात बांधलेला, पानापानावर सेक्रेटरीची सही घेतलेला. पोथी म्हण ना. त्या पोथीबरहुकूम मी आठ महिने दार लावून तो प्रोग्राम लिहिला होता. कोणाला दाखवला नव्हता, कारण अर्धवट काम दाखवणं मला नवरीनं हळदीच्या अंगानं बाजारात जाण्यासारखं वाटायचं.

आला तो एकच म्हातारा. त्याला वाटलं व्हिडिओ दाखवणार आहेत. पेढा खाऊन तो पंख्याखाली झोपला.

तुला मी माणसं बोलवायला पाठवलं होतं. तू दुपारी उगवलीस, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पऱ्ह्यांची जुडी.

"कोनी येत नाई, शाले. एका धानाच्या बांधीत सांगाले उतरली, तं त्यायनं मलेच रोवाले लावलं."

"अवो, पण आज उद्घाटन आहे म्हणून सांगतलं नाही का?"

"सांगतलं ना. थे म्हणे, धानाले सांग थांबाले."

मग तू चिखलाच्या हातानं पेढा उचललास आणि म्हणालीस, "पुढच्या वेळी आठ महिने नको. आठ दिवसांत जे होइन थे घेऊन येऊ, अन् शेताच्या धुऱ्यावर उभं राहून दाखवू. काय चुकलं थे लोकं सांगतीन."

"धुऱ्यावर कॉम्प्युटर नेते? पागल झाली का?"

"मंग कागदावर चित्र काढून दाखवू."

तिथं सुरू झालं आपलं भांडण. आधी सगळं ठरवून मग करायचं, की थोडं करायचं, दाखवायचं, सुधारायचं आणि मग पुढचं थोडं करायचं. तिथून ते यंदाच्या पोळ्यापर्यंत चाललं, आणि माझी पाळी असताना तू मधेच उठून गेलीस.

तू गेलीस त्याला आता दुसरा महिना लागला. पेपरात छापायचं ते तुझ्या घरच्यांनी छापलं. जन्म कुठं, शिक्षण किती, मागं कोण कोण. त्यात तुला 'मनमिळाऊ' म्हटलंय. ते वाचून मी आपल्या ऑफिसात एकटी मोठ्यानं हसले. खालच्या पितळी भांड्यांच्या दुकानातला ठोक्यांचा आवाज क्षणभर थांबला, वर काय झालं म्हणून. मनमिळाऊ! ज्या बाईनं मला एकाही मुद्द्यावर सुखानं जिंकू दिलं नाही, ती मनमिळाऊ! हसता हसता मी तुझ्या खुर्चीकडं पाहिलं, तू काय म्हणतेस ते ऐकायला. आणि मग जे झालं ते झालं. डोळे पुसायला टेबल पुसायचं फडकं घेतलं. तू असतीस तर त्यावरही बोलली असतीस.

आठवतं का, आपल्या भांडणाला नाव आहे हे आपल्याला किती उशिरा कळलं? तुझी सून अश्विनी पुण्याची नोकरी सोडून आपल्या ऑफिसात आली तेव्हा. पहिल्या आठवड्यात तिनं आपल्या दोघींचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमचं ते वॉटरफॉल. आईंचं ते अजाइल, म्हणजे चपळ." तुझा चेहरा असा फुलला जसं कोणी तुझी कुंडली जुळवून दिली. "म्हणजे शाले, आपण इतके वर्षं जे भांडून राहिलो, थ्याले लोकं पगार देतात?" मग अश्विनीनं रोज सकाळी उभ्यानं बैठक घ्यायची पद्धत आणली. तू लगेच उभी. मी खुर्चीतूनच सांगितलं, माझे गुडघे अजाइल नाहीत.

पण पमे, तू गेलीस म्हणून मी सगळंच तुझ्या बाजूनं लिहिणार नाही. राईस मिलची आठवण करून देते. वजनकाट्याचा प्रोग्राम तुझ्या पद्धतीनं झाला. दर सोमवारी नवीन. दर सोमवारी तू तिथं जाऊन विचारायचीस, "कसं वाटते?" काट्यावरचा माणूस आधी खूश होता. मग एक दिवस बाहेर धानाच्या गाड्यांची रांग लागली, आणि त्यानं तुला हात जोडले. "बाई, काल बटन इथं होतं, आज तिथं आहे. उद्या मी इथं राहीन का थे सांगा." तू परत आलीस ती पार नागपूरला जाऊन आल्यासारखी थकून.  मी तुला चहा करून दिला आणि कपाखाली माझा लाल कापडातला आराखडा ठेवला. तू तो उचलून कपाटावर फेकलास. इतकी दुष्ट मी होते, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

आज मागं वळून पाहते तर दिसतं, काम कसं करायचं हे ठरवताना आपण ते काम क्वचितच पाहिलं. आपण एकमेकींना पाहत होतो. तू सैल म्हणून मी आवळलेली. मी आवळलेली म्हणून तू आणखी सैल. एकटी असते तर मी कदाचित दहातल्या चार वेळा तुझ्यासारखं केलं असतं. पण तुझ्यासमोर? मुळीच नाही.

आता त्या शेवटच्या कामाकडं येते.

दिघोरीजवळचं तुझं माहेर. गावचा तलाव, तलावाचे तीन नहर, आणि नहरांवरच्या धानाच्या बांध्या, मातीच्या धुऱ्यांनी आखलेले शेताचे तुकडे. पाऊस उघडला आणि धान गर्भात आलं की तलावाचं गेट उघडतात आणि पाळीनं पाणी देतात. कोणाची पाळी कधी, ते पाणकर धुऱ्याधुऱ्यानं ओरडत सांगत जातो. वरच्यांना ऐकू येतं, शेवटच्यांना येत नाही. तिसऱ्या नहराच्या पार टोकाला सिंधूबाईच्या बांध्या, तुझी लहानपणची मैत्रीण. मागच्या साली तलाव भरलेला असूनही तिची पाळी आली कधी आणि गेली कधी हे तिला कळलंच नाही. ती धावत पोचली तेव्हा गेट बंद झालं होतं. धान वाळलं. म्हणून पाणी वापरणाऱ्यांच्या संस्थेनं आपल्याला सांगितलं, फोनवर पाळी कळेल असं काही करून द्या. सिंधूबाईनं तर तुला माझ्यासमोरच सांगितलं होतं. "पमे, यंदा पाणी नाई भेटलं तं पुढच्या साली मी रोवत नाई. बांध्या पडीत टाकतो अन् पोरीकडे नागपूरले जातो. गाव सुटलं तं सुटलं."

मी वैशाखात कामाला लागले. सगळ्यांना रिकामा वेळ होता, म्हणून सगळ्यांना भेटले. पाळी कशी लागते? वरून खाली, गेटपासून टोकापर्यंत. पक्कं? पक्कं. तीन नहर, सगळे सभासद, नकाशा, अहवाल, सगळं मांडून आराखडा तयार केला. यंदा लाल कापड नव्हतं, पीडीएफ होती. वय वाढलं की माणूस बदलतं ते एवढंच.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू ऑफिसात येऊन म्हणालीस, "शाले, शेवटच्या नहरापासून सुरू करू. एकच नहर, एकच पाळी. बाकी मंग पाहू."

"काहून? पाणी वरून खाली येते. प्रोग्राम खालून वर काहून जाईन?"

"तू दोन दिवस गावात जाऊन बस, मंग सांग."

"बसली ना वैशाखात. एकेकाले विचारलं."

"वैशाखात पाण्याचं विचारते का वो? वैशाखात त्या तलावात म्हशी बसतात."

अश्विनी कॉम्प्युटरमागं तोंड लपवून हसत होती. मला राग आला, आणि रागात माणूस कधी कधी खरं बोलतं. मी म्हटलं, "पमे, पाणी म्हणजे तुझ्या मिलचं बटन नाही. बटन चुकलं तर पुढच्या सोमवारी बदलता येते. सिंधूबाईचं धान वाळलं तर पुढच्या सोमवारी हिरवं होत नाही."

 मला माहीत आहे तुला ते लागलं, आणि पटलंही. तू चपला घातल्यास, जिन्याशी गेलीस आणि मागं न वळता म्हणालीस, "म्हणूनच तं म्हणतो मी."

"म्हणूनच काय? पुरं बोल ना!"

खाली पितळेवर ठोके पडत होते. तू हात वर केलास. त्याचा अर्थ 'उद्या' होता की 'जाऊ दे' होता, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या आठवड्यात तुझ्या हृदयानं काम थांबवलं. गेलीस तीही तुझ्याच पद्धतीनं, आधी काही न ठरवता, न सांगता.

तुझ्या तेरवीला मांडवात नामदेवभाऊ आले होते, संस्थेचे सेक्रेटरी. जेवणं आटोपल्यावर त्यांनी अश्विनीला आणि मला बाजूला घेतलं. पावसानं पाठ फिरवली होती. तलाव भरला नव्हता. धान गर्भात यायला लागलं होतं.

"बाई, हे बोलाची येळ नाई, मले समजते," ते म्हणाले. "पण पाळी लागन आता. तुमचं थे होत असन तं सांगा. नाई तं आमी ओरडून सांगतो, दरसालसारखं."

दरसालसारखं म्हणजे सिंधूबाई पुन्हा शेवटी. मांडवातच ती पत्रावळी उचलत होती. तिनं आमच्याकडं पाहिलंही नाही, पण कान आमच्याकडंच होते.

अश्विनीनं मला विचारलं, "मावशी, आईंच्या पद्धतीनं करायचं की तुमच्या?"

पमे, तुझ्या फोटोला ताजा हार होता. माझ्या ओठांवर आलंच होतं, 'पमीच्या'. सगळ्यांना बरं वाटलं असतं. मला सगळ्यात जास्त. पण गेलेल्या माणसाला जिंकू देणं फार सोपं असतं, आणि सोपं म्हणून ते खोटं असतं. तू जिवंत असताना जे मी मानलं नाही, ते तू ऐकायला नसताना मानून मी कोणावर उपकार करणार होते? आणि सिंधूबाईच्या धानाला माझ्या रडण्याचं काय?

मी म्हटलं, "उद्या गावात जाऊ. तिथं ठरवू."

सकाळच्या एसटीनं निघालो, लाखनीला गाडी बदलली, ट्रकांची धूळ खात पोचलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, सगळे जमले होते. तलाव अर्ध्याहून थोडा जास्त. त्यात ढिम्म उभे बगळे. मी माझा आराखडा काढला आणि पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य वाचलं, पाणी गेटपासून टोकाकडे दिलं जाईल. नामदेवभाऊ म्हणाले, "यंदा नाई, बाई. यंदा खालून पाळी."

"खालून?"

"तलाव भरला नाई की शेवटच्यापासून लागते. आमच्या बापाच्या आधीपासून चालते. वरच्या बांध्यायले तलावाच्या पाळीचा पाझर भेटत राह्यते ना, थे दम धरतात. टोकाचा दम धरत नाई."

"मंग मले वैशाखात काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं पाळी कशी लागते. वरून लागते. पाणी कमी असलं तं कशी लागते, हे कुठं इचारलं?"

पाळीवरची सगळी माणसं हसली. मीही हसले. हसता हसता आतून एक आवाज आला, तो तुझा होता की माझा, ते माहीत नाही. 'म्हशी बसतात.'

तुला हे माहीत होतं, पमे. तुझं माहेर. तू याच पाळीवर लहानाची मोठी झालीस. मग सांगितलं का नाहीस? 'शाले, तलाव भरला नाही तर उलटी पाळी असते', एवढं एक वाक्य. की तुला वाटलं मला ठाऊकच असेल? की मी जाऊन स्वतः ऐकावं म्हणून मुद्दाम गप्प राहिलीस? रागावू का तुझ्यावर? अर्धा दिवस रागावले. मग आठवलं की इतक्या वर्षांत तू मला काही सांगायला लागलीस की मी आधी 'पण' म्हणायचे. ते वाक्य तू दहा वेळा सुरू केलं असशील, आणि दहा वेळा माझ्या 'पण'वर आपटून परत फिरलं असेल. हे असं आहे बघ. तुझ्याशी भांडायला बसावं आणि स्वतःच्याच पदरात माप पडावं.

तर पाळीवर बसून विचार केला. आयुष्यभर आपण विचारलं, पद्धत कोणाची बरोबर. त्या दिवशी मी पहिल्यांदा कामाला विचारलं, बाई गं, तुझ्यात काय चुकलं तर परत घेता येतं, आणि काय चुकलं तर येत नाही? आणि जे चुकलं ते आम्हाला सांगायला माणूस कोण आहे, कधी मोकळा आहे?

मग काम आपोआप दोन जागी फुटलं. खालून पाळी म्हणजे पाणी आधी वरच्यांच्या बांध्यांवरून पुढं जाणार, आणि त्यांनी फावडं हातात घेऊन नुसतं पाहत राहायचं. एकाला जरी चुकून 'तुमची पाळी' असा निरोप गेला, तर तो बांध फोडणार. त्याचं पाहून दुसरा फोडणार. टोकापर्यंत थेंब पोचणार नाही. ही चूक करून पाहायची गोष्ट नव्हती. म्हणून कोणामागून कोण, हा सगळा क्रम तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलून ठरवला. मी लिहिला, वाचून दाखवला, परत वाचला. वरच्या बांधीचा एक तरणा गडी कुरकुरला, "थोडं आमालेबी मधे मधे..." त्याच्याच आईनं त्याला चूप केलं. मग मी वही मिटली आणि सांगितलं, पाळी संपेपर्यंत यात काना-मात्रा बदलणार नाही. अश्विनीनं तेवढा भाग आधी बांधला आणि आम्ही दोघींनी ऑफिसात बसून ओळ न ओळ तपासला. हे माझ्या पद्धतीनं. शंभर टक्के.

पण निरोप कसा द्यायचा, तो भाग मी तुझ्या हवाली केला. शेवटचा नहर, पाच-सहा घरं, पाणी सोडायच्या आधी, रिकाम्या नहरावर.

पहिला निरोप मी लिहिला. 'आपणांस कळविण्यात येते की आपल्या सिंचन पाळीस प्रारंभ होत आहे.' अश्विनीनं तो पाठवला आणि आम्ही सिंधूबाईच्या ओसरीवर जाऊन बसलो. फोन कोनाड्यात टुणकन वाजला. ती वाकळ शिवत बसली होती, हललीसुद्धा नाही.

"मावशी, फोन वाजला ना," अश्विनी तिला म्हणाली.

"वाजू दे. लाइट बिलाचा असन. मले कुठं वाचता येते?"

मग अश्विनीनं फोन करून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायचं ठरवलं. यंत्रातली गोड आवाजाची बाई, 'नमस्कार' म्हणणारी. सिंधूबाईनं उचलला, ऐकला आणि कापला. "थे कंपनीवाली होती. रोज येते मेली."

मी कुरकुरत होते. एका दुपारी तिसऱ्यांदा बदलायचं म्हणजे मला राईस मिल दिसायला लागली. पण इथं बाहेर गाड्यांची रांग नव्हती, नहर कोरडा होता, चुकलं तर कोणाचं काही वाळणार नव्हतं. तुझ्या पद्धतीला हीच जागा लागते, हे मला त्या ओसरीवर कळलं. चुकायला मोकळी जागा. मिलमधे ती नव्हती. हे तुला आता सांगतेय, काट्यावरच्या माणसानं तुला हात जोडले त्या दिवसानंतर इतक्या वर्षांनी. तेव्हा कपाखाली आराखडा ठेवण्याऐवजी हे सांगता आलं असतं. पण तेव्हा हे माहीत नव्हतं, आणि आराखडा हाताशी होता.

अश्विनी माझ्याकडं पाहत म्हणाली, "मावशी, तुम्ही बोला. जसं आम्हाला ऑफिसात बोलता तसं."

"म्हणजे कसं?"

"रागावून."

मी तिचा फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, "सिंधूबाई, पाणी निघालं वो! फावडं घे अन् धुऱ्यावर ये. जेवण मंग कर."

थोड्या वेळानं कोनाड्यातला फोन वाजला. सिंधूबाईनं उचलला. माझा आवाज ऐकून ती ताडकन उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि मी समोर बसलेली असून फोनला म्हणाली, "हो बाई, निघालो, निघालो." तिघी एकमेकींकडं पाहत राहिलो. मग अश्विनी हसायला लागली. तुझ्या तेरवीनंतर पहिल्यांदा. हसता हसता तिला रडू आलं, आणि सिंधूबाईनं तिला जवळ घेतलं. "सासूसारखीच हासते," असं काहीतरी म्हणाली. तुझी सून तुझ्यासारखी हसते, पमे. हे तुला कोणी सांगितलं होतं का?

मग प्रत्येक घराचा निरोप त्याच्या नावानं मी बोलले. एका म्हाताऱ्या भाऊंना आदरानं, त्यांच्या मुलाला दम देऊन.

पाणी सोडलं त्या सकाळी आम्ही टोकाशी उभ्या होतो. वर गेट उघडल्याचा नामदेवभाऊंचा फोन आला. मग खूप वेळ काहीच नाही. कोरडा नहर, त्यात पळसाची पानं, पलीकडं बांध्यांना पडलेल्या भेगा. मी मनातल्या मनात क्रम पुन्हा तपासत होते. वरच्या धुऱ्यांवर माणसं फावडी घेऊन उभी होती, तो कुरकुरणारा गडीसुद्धा. सगळ्यांच्या पायाशी पाणी येत होतं आणि पुढं जात होतं. एकानंही बांध फोडला नाही. एवढा धीर ठेवणं सोपं नसतं, पमे. तू आणि मी कधी ठेवला?

सिंधूबाई फोनवरचा निरोप ऐकून पाण्याच्या आधी आली. अनवाणी, फावडं खांद्यावर. आधी फेस दिसला, मग पुढं ढकलली जाणारी पानं, मग पाणी. तिनं धुऱ्याचा एक घास फावड्यानं उचलला आणि पाणी बांधीत वळलं. भेगांमधून हवा निघाल्याचा बुडबुड आवाज येत राहिला. 

'म्हणूनच तं म्हणतो मी.' तुझं वाक्य पुरं कसं होतं याचा माझा अंदाज आता पक्का आहे. पण मी ते तुझ्या वतीनं पुरं करणार नाही. तू असतीस तर मी मधेच 'पण' म्हटलं असतं, तू चिडली असतीस, आणि वाक्य तिसऱ्याच ठिकाणी जाऊन पोचलं असतं. बहुतेक जास्त चांगल्या ठिकाणी. ते मला मिळणार नाही, याचं दुःख आहे. आणि इतकी वर्षं ते रोज मिळालं, फुकट, चहाबरोबर, हे काय कमी आहे?

ऑफिस बंद करायचा विचार तेरवीच्या दिवशी माझ्या मनात येऊन गेला होता. आता तो नाही. तुझी खुर्ची अश्विनीनं खिडकीशी ओढून घेतली आहे. ती तुझ्यासारखी सैल नाही, माझ्यासारखी आवळलेलीही नाही. परवा एका नव्या कामाविषयी बोलताना तिनं कॉम्प्युटर उघडण्याआधी मला विचारलं, "मावशी, यात चुकून चालणार नाही असं काय आहे?" मी मुद्दाम 'पण' म्हटलं. तिनं लगेच भांडण सुरू केलं. मला बरं वाटलं.

त्या दिवशी बांधी भरत आली तेव्हा मी निघायला लागले. गेट दुसऱ्या दिवशीपर्यंत चालणार होतं. पाणी आता एकेक बांधी वर सरकणार होतं, आणि मला दुपारची एसटी गाठायची होती. काम झालं, असं मी अश्विनीला म्हणत होते. सिंधूबाईनं फावडं चिखलात रोवलं, ओले हात पदराला पुसले, माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली:

"पाणी भेटलं, बाई. पुढच्या सालीबी मी रोवतो, थे झालं. आता बसा इथं, अन् तुमच्या त्या फोनमधे काय काय चुकलं थे सांगतो. दोन गोष्टी तं बहुतच चुकल्या आहेत."